फॉर्मवर जात विचारत नाहीत, मग विम्यातला फरक येतो कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या पलूसच्या, सध्या अमेरिकेत नोकरीला. तिथे कुठल्या वंशाच्या किती लोकांकडे आरोग्य विमा नाही, बायकांची स्थिती काय, याचे आकडे दरवर्षी येतात. आपल्याकडे विम्याच्या फॉर्मवर जात विचारत नाहीत आणि हप्ताही बाई-पुरुषाला जवळपास सारखाच. मग आपल्याकडे हा भेद नाहीच, की आहे पण दिसत नाही? आणि त्याला जोडून तुम्ही विचारलंय की 63 वर्षांच्या, मधुमेह असलेल्या आईसाठी आणि तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींसाठी काय करता येईल.

भेद आहे, आणि मी तो रोज बघत आलेय. राज्य सरकारची मोफत उपचारांची जीवनदायी योजना 2013 च्या नोव्हेंबरात आपल्या सांगली जिल्ह्यात आली, तेव्हा मी मिरजेत आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात रुग्णांना योजनेचे कागद करून देणारी मदतनीस, म्हणून टेबलावर बसले. हीच योजना 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. पुढे काही वर्षं एका खाजगी रुग्णालयात कॅशलेसचं, म्हणजे विमा कंपनीकडून थेट बिल भागवून घ्यायचं, काम केलं, आता स्वतंत्रपणे विमा सल्ला देते. त्यामुळे सरकारी योजनेचे कागदही हाताखालून गेलेत आणि खाजगी पॉलिसीचेही.

आधी अमेरिकेचं बोलू. तिथलं तुम्ही जवळून बघता, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तिथेही गोऱ्याला एक हप्ता आणि काळ्याला दुसरा असं कुठे छापलेलं नाही. फरक पडतो तो नोकरीमुळे आणि राज्यामुळे. विमा नोकरीला बांधलेला, आणि विमा देणारी नोकरी कुणाला मिळते हे इतिहासानं ठरवलेलं. 2010 च्या कायद्यानं गरिबांच्या मेडिकेड योजनेचा विस्तार ठरला, पण 2012 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, मिसिसिपी या राज्यांनी तो स्वीकारला नाही, आणि या राज्यांत कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक वस्ती मोठी आहे. बायकांचं म्हणाल, तर 2014 पर्यंत तिथे स्वतः पॉलिसी घेणाऱ्या बाईला बऱ्याच राज्यांत पुरुषापेक्षा जास्त हप्ता लावत आणि बाळंतपण बहुतेक पॉलिसींत धरतच नसत. कायद्यानं ते थांबवलं.

म्हणजे वंशाचा रकाना नसतानाही वंशाप्रमाणे फरक पडू शकतो. आपल्याकडेही तसंच आहे. फॉर्मवर काय विचारतात यापेक्षा, फॉर्मपर्यंत पोचायला कुठला कागद लागतो, तो कुणाच्या नावावर आहे आणि कुठल्या दुखण्याला दुखणं मानतात, हे बघायला लागतं.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वीचा जानेवारी, ऊसतोडीचा भर. वाळव्याकडच्या फडातून रात्री एका 23-24 वर्षांच्या बाईला घेऊन आले. अंडाशयाची गाठ पिळली गेली होती, वेदनेनं तिला सरळ झोपता येत नव्हतं. लगेच शस्त्रक्रिया करावी लागणार होती. योजनेसाठी रेशनकार्डावर नाव लागतं, म्हणून नवऱ्यानं मोबाइलवर कार्डाचा फोटो दाखवला. मूळ कार्ड जत तालुक्यात, गावी पेटीत. मी बोटानं फोटो मोठा करून एकेक नाव वाचत गेले. सासरा, सासू, नवरा, दीर, आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा. मुलाचं नाव होतं, त्याच्या आईचं नव्हतं. तिचं माहेर अथणी तालुक्यातलं, म्हणजे कर्नाटकातलं. जत-मिरजेकडे असे सोयरसंबंध घरोघरी आहेत. तिच्या आधारकार्डावर माहेरचं नाव, माहेरचा पत्ता. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे नवरा तिला ज्या नावानं हाक मारत होता ते कुठल्याच कागदावर नव्हतं. नवरा म्हणाला, "नाव लावायचं ऱ्हायलं ताई. तिकडनं दाखला आणाया कुणाला सवड गावली न्हाई."

योजनेत आणीबाणीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. पण मागाहून द्यायला कागद असावा तर लागतो. सिव्हिलला हलवायला वेळ नव्हता. शस्त्रक्रिया झाली, बाई वाचली. बिल भागवलं मुकादमाकडून वाढीव उचल घेऊन. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल पुरुषाच्या नावावर असते आणि फेडतात दोघं. म्हणजे रेशनकार्डावर जिचं नाव नव्हतं, तिच्या दोन हातांनीच ते कर्ज पुढच्या हंगामात फिटणार होतं.

ती एकटी असती तर मी हे इतकं सांगितलं नसतं. सुनांची नावं कार्डावर नसणं हे टेबलावर सतत दिसायचं. माहेरच्या कार्डावरून नाव लग्नाबरोबर कमी होतं, कारण तिथल्या कार्डाचा तो विषय संपला. सासरच्या कार्डावर चढवायला मात्र नाव कमी केल्याचा दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, आधार असं सगळं जमवून पुरवठा विभागाकडे अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवणं कुणालाच तातडीचं वाटत नाही. मूल झालं की जन्मदाखल्यावर त्याचं नाव पटकन लागतं. सून मधल्या मध्ये राहते, कधी दोन वर्षं, कधी आठ. बाईचं बाळंतपण, पहिली मोठी आजारपणं याच वर्षांत येतात. वाईट याचं वाटतं की 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डासाठी घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली आहे. सासूचं नाव कार्डाच्या माथ्यावर आणि सुनेचं कुठेच नाही, अशी कार्डं मी या हातांनी तपासलीत.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशभरात 15 ते 49 वयाच्या 30 टक्के बायकांना आणि 33 टक्के पुरुषांना कुठला ना कुठला आरोग्य विमा होता. तीनच टक्क्यांचा फरक, असं कुणी म्हणेल. पण विमा असणं आणि तो बाईच्या अंगी लागणं यात मोठं अंतर आहे. पास्कलिन ड्युपा आणि राधिका जैन या अर्थशास्त्रज्ञांनी राजस्थानच्या सरकारी विमा योजनेतल्या लाखो दाव्यांचा अभ्यास केला. योजनेत कुटुंबातल्या सगळ्यांना सारखाच हक्क होता, तरी मुली आणि म्हाताऱ्या बायका रुग्णालयात पुरुषांपेक्षा कमी पोचल्या. रुग्णालय जितकं लांब आणि खर्च जितका जास्त, तितकी ही दरी रुंद. मला हे वाचून नवल वाटलं नाही. उमदी-संखकडून मिरजेला यायचं म्हणजे आख्खा दिवस, गाडीभाडं, सोबतीला एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी. हे सगळं मुलासाठी लगेच होतं, म्हातारीसाठी "बघू हंगाम संपल्यावर" होतं. विम्यात त्या दिवसाची किंमत धरलेली नसते.

एक सुधारणा मोकळेपणानं मान्य करायला हवी. 2008 च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत एका कुटुंबातल्या पाचच जणांना जागा होती, त्यामुळे घरात सहा-सात माणसं असली की कुणाला वगळायचं हे घरच ठरवायचं. 23 सप्टेंबर 2018 ला सुरू झालेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर बंधन नाही. याचा सर्वांत जास्त फायदा मुलींना आणि घरातल्या वयस्क बायकांना होतो, कारण वगळायची वेळ आली की पहिला नंबर त्यांचाच लागायचा.

जातीबद्दल तुम्ही विचारलंत, तिथे मला थोडं थांबून सांगावं लागेल, कारण उत्तर गावागणिक बदलतं. आयुष्मान योजनेची ग्रामीण यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणावरून केली. त्यात वंचिततेच्या निकषांपैकी एक होता अनुसूचित जाती किंवा जमातीचं कुटुंब असणं. आता कैकाडी समाजाचं बघा. नागपूर, अमरावती, यवतमाळ अशा विदर्भातल्या जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात, सांगली-साताऱ्यात मात्र विमुक्त जातीत. तोच समाज, तशीच टोपल्या विणणारी बोटं, पण तिकडे तो निकष लागू आणि इकडे नाही. घर कच्चं असेल, जमीन नसेल तर इतर निकषांतून कुटुंब आत येऊ शकत होतं, पण त्यासाठी सर्वेक्षणाच्या दिवशी कुटुंब गावात असायला हवं. 1871 च्या कायद्यानं ज्यांच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला आणि 1952 साली ज्यांना त्यातून मोकळं केलं, त्या विमुक्त समाजांतली कितीतरी कुटुंबं आजही पालावर राहतात. पालाला पत्ता नसतो. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, रेशनकार्ड नाही म्हणून योजना नाही. टेबलाच्या या बाजूला बसलेल्या कुणी त्यांची जात विचारलेली नसते. त्यांना फक्त कार्ड मागितलेलं असतं.

1 जुलै 2024 पासून महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. हे मोठं पाऊल आहे. पण बघा, त्यामुळे जवळपास सगळा भार त्या एका कार्डावर आला. कार्ड असलेल्यांत जातीचा फरक पुष्कळ कमी झाला. कार्ड नसलेले, आणि कार्डावर नाव नसलेल्या बायका, बहुतेक जिथल्या तिथे राहिले.

रोजगारातून मिळणाऱ्या विम्याचं थोडक्यात सांगते. कुपवाडच्या एमआयडीसीत महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होतं. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि उपचार, आजारपणातला पगार, बाईला बाळंतपणाची रजा, सगळं त्यात येतं. पण सांगलीत हळद निवडणाऱ्या, तासगावकडे द्राक्षाची विरळणी करणाऱ्या बायका रोजावर किंवा नगावर काम करतात. त्यांना यातलं काही नाही. बांधकाम मजुरांसाठी कल्याण मंडळ आहे, नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वडार समाजातली बाई दिवसभर घमेली वाहते, तरी दाखला मागायला गेलेल्या जोडप्यात ठेकेदार तो नवऱ्याला देतो आणि म्हणतो, "एकाच्या नावावर झालं की बास." तसं नाही. दोघांनीही स्वतंत्र नोंदणी करावी.

आता खाजगी पॉलिसी. इथे हप्ता बहुतेक वयावर ठरतो, बाई की पुरुष यावर नाही, काही ठिकाणी बाईला सूटही मिळते. तरी पॉलिसीतल्या अटी वाचल्या तर बाईच्या शरीराला जे जे होतं ते एकतर वगळलेलं किंवा लांबवलेलं दिसतं. साध्या पॉलिसीत बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, धरत नाहीत. ज्यांत धरतात त्यांत नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत थांबावं लागतं. वंध्यत्वावरचे उपचार बहुतेक ठिकाणी वगळलेले. गर्भाशय काढणं, स्तनातली साधी गाठ यांना सर्वसाधारणपणे दोन वर्षं थांबायचं. पुरुषांचा हर्निया, प्रोस्टेटही याच यादीत आहेत, हे खरं. पण पुरुष पॉलिसीत आधी येतो. घरात पहिली पॉलिसी कमावत्याची, बायकोचं नाव "पुढच्या वर्षी घालू", आणि ती आत येते तेव्हा चाळिशी उलटलेली आणि रक्तस्राव सुरू झालेला असतो.

अशी एक केस मी हाताळली. माणदेशातल्या एका शाळेत सेविका असलेल्या बाईंनी दोन वर्षं अंगावरून जाणं तसंच अंगावर काढलं होतं. पॉलिसीला अडीच वर्षं झालेली, म्हणजे गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची दोन वर्षांची मुदत उलटून गेलेली. पण केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं, "तीन वर्षांपासून त्रास." कंपनीनं आजार पॉलिसीच्या आधीचा ठरवून दावा नाकारला. इथे एक मुद्दा पक्का माहीत हवा. नियमाप्रमाणे आधीचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्यापूर्वीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं किंवा ज्यावर सल्ला, उपचार दिला तो. नुसता त्रास होणं म्हणजे निदान नव्हे. या बाई शस्त्रक्रियेच्या आधी या त्रासासाठी कुणाकडे गेल्याच नव्हत्या, आणि "तीन वर्षं" हा आकडाही घाबरलेल्या नवऱ्यानं अंदाजानं सांगितला होता. आम्ही आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे गेलो. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही. दावा मंजूर झाला. म्हणून मी प्रत्येक घराला सांगते: डॉक्टरांना खरंच सांगा, पण नेमकं सांगा, आणि ते रुग्ण बाईनं स्वतः सांगावं. "लई दिवसांपासून" हे दोन शब्द दाव्याला फार महाग पडतात.

तुमच्या आईंसाठी पहिली गोष्ट, रेशनकार्ड काढून बघा. पांढरं असलं तरी त्या सरकारी योजनेत बसतात, नाव आणि आधार जुळत असेल तर आयुष्मान कार्ड काढून घ्या. सत्तरी पूर्ण झाली की उत्पन्न न बघता आयुष्मानच्या वय वंदना कार्डावर 5 लाखांचं संरक्षण मिळतं, पण त्याला अजून सात वर्षं आहेत. मधल्या काळासाठी खाजगी पॉलिसी घ्यावी का, हे तुमच्या ऐपतीवर आणि मधुमेहानं डोळे, मूत्रपिंड यांवर किती परिणाम झालाय यावर आहे. घेतलीत तर मधुमेह स्पष्ट लिहा. आता आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षंच थांबवता येतं, आणि पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सोडून इतर कारणानं आजार लपवल्याचा आक्षेप घेता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. एक गोष्ट मात्र आग्रहानं सांगेन, पॉलिसी आईंच्या स्वतःच्या नावावर आणि त्यांच्या बँक खात्याला जोडून घ्या. आधी बिल भरून मागाहून पैसे घ्यायची वेळ आली तर ते पॉलिसीधारकाच्या खात्यात जातात. आपल्या शस्त्रक्रियेचे पैसे नवऱ्याकडे मागणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यातल्या एकीला टाके काढायला यायलाही भाडं मिळालं नव्हतं.

मावशींचं काम कागदाचं आहे, आणि तुम्ही लांबूनही ते करवून घेऊ शकता. कार्डावर त्यांचं नाव आहे का, आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं का, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झालीय का. घरात सून असेल तर तिचंही बघा, आणि तिच्या माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला आधी मागवा. माहेर कर्नाटकात असलं तर तिथून मागवा, त्याला वेळ लागतो. नाव जुळत नसेल तर घाईनं आधार बदलू नका, आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आधी विवाह नोंदणी करा, मग सगळीकडे एकच नाव ठरवा, मग बदला. नवऱ्यापासून वेगळ्या राहत असतील तर त्यांना स्वतंत्र रेशनकार्ड मागता येतं. हे अनेक परित्यक्ता बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं. उपचार लागलेच तर आधी 155388 किंवा 14555 वर फोन करून ते रुग्णालय आणि तो आजार योजनेत आहे का विचारा, आणि रुग्णालयात गेल्यावर बिलाच्या खिडकीवर जायच्या आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. साध्या बाळंतपणासाठी या योजनेच्या भरवशावर राहू नका, त्याला सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सगळं मोफत आहे.

आईंना सांगून मावशींच्या कार्डाचा फोटो मागवून घ्या. कार्डाचा नंबर आणि आधारचा नंबर झाकून, फक्त नावं कशी लिहिली आहेत ते इथे कळवा, आणि मावशींचं माहेर कुठलं तेही. पुढचा अर्ज कुणाकडे, कुठले कागद जोडून करायचा ते मी त्यावरून लिहून देते.